खाचरातली रोटाला, काचपेटीतली रोटाला

शोभेच्या माशांच्या एका दुकानातून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी जी जुडी घरी आणली, तिच्या बुडाशी कोथिंबिरीच्या जुडीला असतो तसा दोरा नसून शिशाची एक मऊ पट्टी गुंडाळलेली होती, आणि तिच्या प्रत्येक काडीवर समोरासमोर जोडीने लागलेली पाने इतकी गोल, गुळगुळीत व एकसारखी होती की हिरव्या कागदातून कोणी टिकल्याच पाडल्या आहेत असे वाटावे. दुकानदाराने तिचे नाव ‘रोटाला’ असे सांगितले, मी मागितलेली किंमत मोजली आणि घरी येऊन ती जुडी काचेच्या पेटीत रोवली. पहिल्या दहा दिवसांत खालची टिकलीसारखी पाने पारदर्शक होत होत विरघळून गेली. आणि तिसऱ्या आठवड्यात शेंड्यांतून जी नवी पालवी फुटली ती मुळीच गोल नव्हती, तर डाळिंबाच्या कोवळ्या पानांसारखी अरुंद, लांबट व किंचित तांबूस होती. आपली फसवणूक झाली आहे अशी पक्की खात्री होऊन, पुराव्यादाखल एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून मी पुन्हा त्या दुकानी हजर झालो. दुकानदाराने काडी उजेडात धरून पाहिली. “काका, तेच झाड आहे,” तो म्हणाला, “बाहेर होतं तेव्हा गोल होतं, आता पाण्यात राहायला लागलंय.”

त्या एका वाक्यात या वनस्पतीच्या संगोपनाचे सगळे शास्त्र सामावले होते, हे मला फार उशिरा कळले. मत्स्यपेटीत जिला आपण हौसेने वाढवतो ती रोटाला मुळात निखळ पाणवनस्पती नव्हेच; जेथे पाणी येते, काही महिने मुक्काम करते आणि निघून जाते, अशा उथळ, चिखलट जमिनीची ती रहिवासी आहे. तिच्या प्रकाशाविषयी, मातीविषयी, खताविषयी, छाटणीविषयी पुस्तकांतून जे शंभर नियम सांगितले जातात त्यांतील बहुतेक नियमांचे मूळ कारण शोधू गेल्यास ते भाताच्या खाचरात सापडते.

हौशी लोकांच्या भाषेत ज्यांना ‘स्टेम प्लांट’ म्हणतात, म्हणजे ज्यांची पाने बुडाशी झुपक्याने न येता उभ्या काडीवर पेरापेराला येतात, त्या वनस्पतींपैकी रोटाला रोटुंडिफोलिया ही बहुधा सर्वांत परिचित. भारत, नेपाळ, म्यानमार, दक्षिण चीन, तैवान, जपान अशा विस्तीर्ण टापूत ती ओहोळांच्या काठी आणि भातशेतीत उगवते. तिच्या नावाचा दाखला मोठा मनोरंजक आहे. ‘रोटाला’ हे प्रजातीचे नाव लिनियसने १७७१ मध्ये दिले. लॅटिन भाषेत ‘रोटा’ म्हणजे चाक, आणि त्याच्यासमोर असलेल्या वनस्पतीची पाने आऱ्यांसारखी काडीभोवती लागलेली होती, म्हणून हे ‘चाकुले’. आपल्या गोलपानी रोटालेचे वर्णन मात्र प्रथम ‘अमानिया’ या निराळ्या प्रजातीखाली, विल्यम रॉक्सबरा याच्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात १८२० साली छापले गेले. कलकत्त्याजवळ शिबपूर येथील वनस्पतिउद्यानाचा कारभार पाहणारा रॉक्सबरा तत्पूर्वीच १८१५ मध्ये वारला होता. त्याच्या हस्तलिखितांचा गठ्ठा संपादून श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर काढणारा गृहस्थ म्हणजे विल्यम केरी, ज्याने १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश प्रसिद्ध केला, तोच. आपल्या भाषेची पेरे मोजणाऱ्या माणसाच्या हातून या काडीचीही नोंद दप्तरी व्हावी, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे १८८० मध्ये क्योहने या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला रोटाला प्रजातीत आणून बसविले, आणि तिचे आजचे नाव कायम झाले. बाजारात मात्र कित्येक दशके ती ‘रोटाला इंडिका’ या भावंडाच्या नावावर विकली जात होती. फूल पाहिल्याशिवाय दोघींतला भेद कळणे कठीण, आणि पाण्याखाली ती फुलत नाही. सबब ही तोतयेगिरी खूप काळ बिनबोभाट चालली.

कुळाच्या नात्याने पाहू गेल्यास रोटाला आपल्याला परकी नाही. मेंदी, डाळिंब, धायटी आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प ठरलेले ताम्हण ही सारी याच मेंदीच्या कुळातली मंडळी होत. ताम्हणाचा जांभळा फुलोरा डोळ्यांसमोर आणून तो मुंगीच्या मापाने लहान करत नेला, तर रोटालेच्या तुऱ्याची बरीचशी कल्पना येते. सह्याद्रीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, कासच्या पठारासारख्या ठिकाणी, पावसाळ्यात जी वीतभर खोलीची डबकी साचतात, त्यांतही रोटाला प्रजातीतील काही चिमुकल्या वनस्पती दोन-चार महिन्यांत आपला संसार आटोपतात. लालभडक पानांसाठी जगभरच्या हौशी लोकांत नावाजलेली, आणि तितकीच नखरेबाज म्हणून बदनाम असलेली, रोटाला मॅक्रँड्रा ही दक्षिण भारतातील. तिच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. गोलपानी रोटाला पुष्कळ सोशिक आहे.

आता त्या बदललेल्या पानांचा खुलासा. हवेत वाढणाऱ्या पानाला आपले पाणी उडून जाऊ नये म्हणून मेणचट आवरण लागते, वायूंच्या येण्याजाण्यासाठी पर्णरंध्रे लागतात, आणि वाऱ्यात ताठ उभे राहण्यासाठी अंगात बळ लागते. पाण्याखाली यांतील कशाचीच गरज उरत नाही. उलट तेथे अन्न आणि वायू थेट पृष्ठभागातून शोषायचे असतात, म्हणून पान जितके पातळ आणि अरुंद तितके बरे. हवेतील पान पाण्यात घातले की ते स्वतःला सुधारून घेत नाही. वनस्पती त्यातील द्रव्य काढून घेऊन त्याला निकाली काढते आणि शेंड्यातून नव्या परिस्थितीला साजेल असे दुसरे पान घडविते. रोपवाटिकांतून ही झाडे बहुधा पाण्याबाहेर, ओल्या मातीत व दमट हवेत वाढवली जातात, कारण तशी ती लवकर वाढतात व शेवाळ धरत नाहीत. त्यामुळे घरी आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात पाने गळणे हा रोग नसून स्थलांतर आहे. या काळात पुष्कळजण घाबरून खत वाढवितात, दिवा वाढवितात, किंवा झाड उपटून मूळ धरले की नाही ते पाहतात. तिन्ही गोष्टी घातक. कुजलेली पाने तेवढी हलकेच काढून टाकावीत आणि शेंड्याकडे लक्ष ठेवावे. शेंडा ताजा असला म्हणजे झाड जिवंत आहे.

माझी पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच आहे; माती-दगड वगळता तिच्यात साठएक लिटर पाणी मावते. तळाशी, पुढल्या काचेजवळ दीड इंच आणि मागे तीन इंच अशा उताराने, धुतलेली दोन-तीन मिलिमीटर जाडीची रेती असली तरी चालते. भाजलेल्या मातीचे जे तयार दाणे हल्ली विकत मिळतात ते अधिक चांगले, कारण ते अन्न धरून ठेवतात. लावणी करताना प्रथम ती शिशाची पट्टी काढून टाकावी. जुडीच्या जुडी खोचून देणे हा सर्वांत सार्वत्रिक अपराध होय. मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही, त्या बुडाशी सडतात आणि आठवड्याभरात अख्खा गुच्छ तरंगू लागतो. भाताचा तरवा लावणारी बाई जशी मुठीतून दोन-तीन काड्याच अंगठ्याने सुट्या करून चिखलात दाबते, तद्वत येथेही एकेक काडी सुटी करावी, खालच्या दोन पेरांची पाने खुडावीत, लांब चिमट्याने काडीचे बूड धरून ती रेतीत तिरपी खुपसावी आणि चिमटा सैल करून उलट दिशेने सावकाश काढून घ्यावा. काडी सरळ खुपसली तर चिमट्याबरोबर ती हटकून वर येते. तिरपी घातली तर रेती तिला धरून ठेवते. दोन काड्यांत बोटभर अंतर पुरे. खुडलेल्या पेरांतून चार-सहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात.

प्रकाशाच्या बाबतीत रोटाला उघड्या खाचराची सवय असलेली आहे; झाडाखालच्या सावलीची नव्हे. उजेड कमी पडला की दोन पेरांमधले अंतर वाढते, काडी लुकडी होते, खालची पाने गळतात आणि शेंडा तेवढा पाण्याच्या पृष्ठभागाकडे धावत सुटतो. खाचरातले पाणी वाढले असता वर जाऊन हवा गाठावी ही तिची जन्मजात बुद्धी येथेही काम करते. म्हणून चांगला पांढरा एलईडी दिवा हवा. पण तो दिवसाचे सहा ते आठ तासच, आणि रोज ठरावीक वेळी. ‘उजेड चांगला, म्हणून अधिक उजेड अधिक चांगला’ या न्यायाने बारा-बारा तास दिवा ठेवणाऱ्याला रोटाला नव्हे तर शेवाळ दुवा देते. तीच गोष्ट खिडकीतल्या उन्हाची. पाच-सहा रुपयांच्या वीज-टायमरवर भागले असते तर बरे होते, तो तितक्या स्वस्तात मिळत नाही. परंतु माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा तो खर्च करणे शहाणपणाचे, असे माझे अनुभवांती मत आहे.

उजेडाचा प्रश्न सुटला की खरी अडचण पुढे येते ती कर्बवायूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो, आणि हवेत तो जितक्या सहजतेने पसरतो त्याच्या सुमारे दहा-हजारांश वेगानेच पाण्यात पसरतो. हायड्रिलासारख्या हाडाच्या पाणवनस्पतींनी यावर तोड काढली आहे. त्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांतून कर्ब काढून घेऊ शकतात. काठावरच्या वनस्पतींना मात्र पाण्याबाहेर डोके काढले की हवेतला कर्ब आयता मिळतो. काचपेटीत बुडवून ठेवून आपण त्यांचा हा मार्ग बंद करतो, मग त्याची भरपाई आपणच करणे भाग आहे. साधा उपाय म्हणजे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट घालून आंबवण तयार करायचे व त्यातून निघणारा वायू नळीने पाण्यात सोडायचा. पहिल्या आठवड्यात तो भरभरून येतो आणि नंतर रुसतो. कायमची तजवीज म्हणजे वायूचे लहान नळकांडे, त्यावर दाब आवरणारी तोटी आणि पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडणारी चकती. लिटरला वीस ते तीस मिलिग्रॅम हे प्रमाण सामान्यतः इष्ट समजले जाते. ते ओळखण्यासाठी पेटीत काचेचा एक लहान फुगा टांगतात, ज्यातील रंगद्रव्य वायू कमी असता निळे, योग्य असता हिरवे आणि जास्त झाला की पिवळे होते. मात्र हा साक्षीदार तास-दोन तास उशिरा जबानी देतो, हे ध्यानी ठेवावे.

ते मी ध्यानी ठेवले नव्हते. आषाढातल्या एका संध्याकाळी घरी पाहुणे होते, गप्पा रंगल्या, दिवा टायमरने वेळेवर विझला. परंतु वायूची तोटी हाताने बंद करायची होती ती राहून गेली. उजेड नाही म्हणजे वनस्पती कर्बवायू घेत नाही, इतकेच नव्हे, तर रात्री इतर जिवांप्रमाणे तीही श्वसन करते, प्राणवायू खर्च करते आणि वर आपला कर्बवायू पाण्यात सोडते. पहाटे दुधाची पिशवी घ्यायला उठलेल्या पत्नीने हाक मारली, “अहो, सगळे मासे वर येऊन बसलेत.” दिवा लावून पाहतो तो नऊच्या नऊ निऑन टेट्रा पृष्ठभागाला चिकटून, तोंडे वासून उभे, फुग्यातला रंग लिंबासारखा पिवळा, आणि या सर्व अनर्थात रोटालेच्या काड्या मात्र शांतपणे पाने मिटून उभ्या. (रात्री शेंड्याची पाने मिटून घेण्याची तिला सवय आहे, सकाळी दिवा लागण्याआधी पाहणाऱ्याला ती झोपलेली दिसते.) तोटी बंद केली, हवेचा पंप सुरू केला, तिसरा हिस्सा पाणी बदलले. सात मासे वाचले. तेव्हापासून वायूची तोटी दिव्याच्या एक तास आधी उघडते आणि एक तास आधी बंद होते, आणि हे काम विजेवर चालणाऱ्या झडपेकडे सोपविलेले आहे.

हे सारे जमून आले की दुपारनंतर एक दृश्य दिसते. पाणी प्राणवायूने संपृक्त झाल्यामुळे पानांतून बाहेर पडणारा प्राणवायू विरघळेनासा होतो. पानापानाच्या टोकाला चांदीचा एकेक मणी धरतो, फुगतो, सुटतो आणि वर जातो, आणि एखाद्या चुरगळलेल्या पानाच्या जखमेतून तर मण्यांची सरळ माळच वर निघते. यान इंगेनहाऊस या डच वैद्याने १७७९ मध्ये हेच बुडबुडे मोजीत बसून, ते उन्हात येतात आणि अंधारात थांबतात, यावरून वनस्पतींना हवा शुद्ध करण्यासाठी प्रकाश लागतो हे जगाला दाखवून दिले. शाळेच्या प्रयोगवहीत हायड्रिलावर उपडे ठेवलेले नरसाळे ज्यांनी काढले आहे, त्यांनी त्याच प्रयोगाची उजळणी केलेली असते.

खताविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी पाठ असते. पेटीत त्यांच्या जोडीला लोह व इतर सूक्ष्म द्रव्ये लागतात, आणि या सर्वांचे तयार द्रावण मिळते. आठवड्यातून दोन-तीनदा थोडे थोडे घालावे, आणि आठवड्याअखेरीस तिसरा हिस्सा पाणी बदलून जमाखर्चाची वही कोरी करावी. काय कमी पडले ते पानच सांगते, फक्त कोणते पान बोलते आहे याकडे लक्ष हवे: नत्र किंवा मॅग्नेशियम यांची तूट पडली तर वनस्पती जुन्या पानांतील साठा उचलून नव्याला देते, म्हणून खालची पाने पिवळी पडतात, लोह तिला असे हलविता येत नाही, म्हणून त्याच्या अभावी शेंडाच फिकट, पांढुरका होतो. नत्र मुद्दाम कमी ठेवून व उजेड वाढवून पानांतला लाल रंग खुलविण्याची एक पद्धत आहे. रंग खुलतो, हे खरे. पण उपाशी ठेवून गालांवर आणलेल्या लालीचे कौतुक मला करवत नाही. पाण्याचे म्हणाल तर धरणाचे, म्हणजे पावसाचे, मृदू पाणी रोटालेला मानवते; कूपनलिकेचे जड पाणीही ती चालवून घेते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून ते रात्रभर बादलीत उघडे ठेवावे.

छाटणी हा या संगोपनाचा गाभा. आणि नेमके येथेच मायाळू माणसे अडखळतात. पाच-सहा आठवड्यांत काड्या पाण्याच्या पृष्ठभागाला टेकतात, तेथे आडव्या होऊन एकमेकींवर पसरतात, आणि खालच्या भागावर त्यांचीच सावली पडून बुडखे उघडेबोडके होतात. वरून झळाळणारे रान दिसत असते म्हणून कात्री लावायला मन धजत नाही. परंतु काडीच्या शेंड्याचा अंमल मोठा कडक असतो. त्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे द्रव्य, जे फ्रिट्स वेंट याने १९२८ मध्ये ओटच्या कोवळ्या अंकुरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले, ते खाली उतरत राहते आणि पेरापेराशी दडलेल्या डोळ्यांना फुटण्याची मनाई करते. शेंडा उडविला की ती मनाई उठते. उसाच्या टिपरीवरचा डोळा जसा जमिनीत पडताच जागा होतो, तसे कापाखालच्या पेराजवळचे दोन्ही डोळे सात-आठ दिवसांत फुटतात. एका काडीच्या दोन होतात, पुढल्या छाटणीला चार होतात, आणि गवताच्या विरळ पेंढीचे दाट झुडूप बनते. म्हणून पहिली छाटणी कठोरपणे, रेतीपासून दोन-तीन इंच ठेवून करावी. पुढच्या छाटण्या त्या कापाच्या किंचित वर. कात्री धारदार हवी, काडी चिरडता कामा नये.

चार-पाच छाटण्यांनंतर बुडखे म्हातारे होतात, त्यांवर शेवाळाची काळी दाढी धरते आणि नवे फुटवे बारीक निघू लागतात. त्या वेळी उलट हिशेब करावा लागतो: बुडखा मुळासकट उपटून टाकायचा आणि कापलेले निरोगी शेंडे त्या जागी लावायचे. माझ्या पेटीत आज उभी असलेली रोटाला हे त्या शिशाच्या पट्टीतल्या जुडीचेच अंग आहे. त्या जुडीतले एकही पेर मात्र आता शिल्लक नाही. तिचे वय किती धरायचे, हा प्रश्न माझ्या नातीने एकदा विचारला होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

काचेच्या पेटीत वनस्पती आणि मासे एकत्र नांदविण्याची कल्पना फार जुनी नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी पाणवनस्पती आणि कुजकी पाने फस्त करणाऱ्या गोगलगाई यांचा समतोल साधून दाखविला; आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द फिलिप गॉस याने १८५४ मध्ये रूढ केला. पुढे डच लोकांनी स्टेम प्लांट जणू फुलबागेच्या ताटव्यांसारखे, रंगारंगांच्या चढत्या पायऱ्यांनी लावण्याची रीत पाडली. पुढून मागे निमुळत्या होत जाणाऱ्या अशा रांगेला ते लेडन शहराच्या नावाने ‘लेडनची वाट’ म्हणतात. जपानच्या निईगाता प्रांतातला ताकाशी अमानो (१९५४–२०१५), जो आधी व्यावसायिक सायकलशर्यतपटू होता आणि मग निसर्गाचा छायाचित्रकार झाला, त्याने ही शिस्त मोडून दगड, ओंडके आणि वनस्पती यांतून डोंगरदऱ्यांचा आभास निर्माण करणारी शैली रुजविली, आणि तिच्यात मागच्या बाजूचे दाट झुडूप म्हणून रोटालेला मानाचे स्थान मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले तेव्हापासून दोन पिढ्यांनी काचेपलीकडचे मासे पाहिले. पण बालपणीच्या त्या सहलीत वनस्पतींकडे पाहिल्याचे मला तरी स्मरत नाही.

शेवाळाचा त्रास प्रत्येकाला होतो, आणि त्यावर औषध शोधण्यापेक्षा दिव्याचे तास कमी करणे व झाडे दाट लावणे हा उपाय बरा. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेले की रोटाला मलूल होते. पृष्ठभागावर लहानसा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंशांचा उतार पडतो. एवढ्यावर भागते.

छाटलेल्या काड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. रोटालेच्या एका पेरापासून अख्खे झाड होते, आणि ती जेथली रहिवासी नाही तेथे हे सामर्थ्य उपद्रवी ठरते. अमेरिकेत फ्लोरिडातील कालव्यांत ती अशीच मोकाट वाढून तेथील पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी झाली आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते पुलावरून जाताना दिसतेच. त्यामुळे उरलेल्या काड्या नाल्यात किंवा तळ्यात टाकू नयेत. वाळवून कुंडीच्या खतात घालाव्यात, किंवा शेजाऱ्यांना वाटाव्यात. मी दोन्ही करतो, आणि शेजाऱ्यांची पेटी भरली की तिसरे करतो.

तिसरे म्हणजे असे: गॅलरीत प्लॅस्टिकच्या एका जुन्या परातीत बोटभर चिखल करून त्यात काड्या आडव्या दाबून ठेवतो, वर पातळ पाणी ठेवतो, आणि पहिले काही दिवस दमटपणा टिकावा म्हणून परातीवर काच झाकतो. पाण्यातली अरुंद पाने येथे सुकून जातात आणि काड्या पुन्हा टिकल्या पाडू लागतात. गेल्या थंडीत त्या काड्यांच्या टोकांना दाण्यादाण्यांचे तुरे आले आणि माघाच्या सुमारास ते फुलले. प्रत्येक फूल बाजरीच्या दाण्याएवढे, चार पाकळ्यांचे, फिकट गुलाबी, आणि शंभर फुले एकत्र आल्यामुळे परातीवर धुरकट गुलाबी रंग पसरलेला. रत्नागिरीकडच्या माझ्या मावशी तेव्हा घरी आलेल्या होत्या. ऐंशी वर्षांचे वय, तरुणपणी कित्येक पावसाळे गुडघाभर चिखलात बेणणी केलेली. मी मोठ्या अभिमानाने परात पुढे केली, रॉक्सबरा सांगितला, केरी सांगितला. त्यांनी चष्मा वर करून एक काडी बोटांत धरली, सवयीने बुडापासून उपटली आणि म्हणाल्या, “असलं काहीतरी आम्ही खाचरातून काढून बांधावर फेकीत होतो रे.” मग ती काडी फेकायला जागा न सापडल्यामुळे क्षणभर घोटाळून, त्यांनी ती पुन्हा चिखलात खोचून ठेवली, तिरपी.